चौथा रकाना

तारिहाळच्या एका कारखान्याच्या गोदामासाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. थोडं करायचं, वापरायला द्यायचं, दर पंधरा दिवसांनी विचारून बदलायचं. सगळं एकदम करून शेवटी चूक गळ्यात पडण्यापेक्षा हे बरं, असं मी ऑफिसातल्या नव्या पोरींना ठासून सांगायची. बरं असतंच ते, उगाच कशाला नाकारू?

वापरणारे एकटे गोदामातले अण्णा. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. दर खेपेला मी विचारायची, "अण्णा, काही अडचण?" ते हसून कानडीत म्हणायचे, "चलो ऐत्री, अक्का." चांगलं आहे म्हणजे. मी वहीत टिक करायची. माणूस कुरकुरत नाही म्हणून मला आवडायचे. डोंबलाचं आवडणं!

मग मालकांच्या सांगण्यावरून आम्ही नगांच्या रकान्याआधी आणखी एक रकाना घातला. आठवडाभरात गोदामात नसलेला माल आहे, असं सॉफ्टवेअर दाखवू लागलं. त्यावर विसंबून मालकांनी मोठ्या गिऱ्हाइकाला शब्द दिला आणि माल निघालाच नाही.

मी नोंदी उघडल्या. नगांचा आकडा नव्या रकान्यात आणि नगांच्या जागी त्यानंतरचा कप्प्याचा नंबर, प्रत्येक नोंदीत. अण्णा जुन्याच सवयीनं तीनदा टॅब दाबून चौथ्या रकान्यात आकडा टाकत होते. मी जाऊन विचारलं तर ते दार लोटून हळू आवाजात बोलले.

"डोळ्यांची नस सुकलीय, अक्का. शिपाई नवीन स्क्रीन वाचून दाखवतो, मी बटणं मोजून पाठ करतो. या खेपेला तो रजेवर होता. कुणाला सांगू नका, घरी बसवतील."

अहो, दर पंधरवड्याला मी त्या माणसाचं पाठांतर पुसत होते!

शुक्रवारी मालकांनी विचारलं, "मॅडम, चूक सॉफ्टवेअरची की माणसाची?" आमची, एवढंच म्हणायचं होतं. अण्णांच्या डोळ्यांचा विषयही निघाला नसता. पण आमचं काम जाईल या भीतीनं मी ते टाळलं. "तपासून पुढच्या खेपेला सांगते," मी म्हणाले. दर मीटिंगला म्हणते तसंच, त्याच आवाजात.

मला काही वाटलंच नाही. लाज वाटायला हवी हे कळत होतं, पण आत सगळं बधिर. बसमध्ये बसले, घरी आले, जेवले.

सोमवारी नवा रकाना उचलून शेवटी नेला. वीस मिनिटं लागली. अण्णांना शनिवारीच घरी बसवलं होतं.