शाळेच्या पेटीतल्या चिठ्ठ्या

शाळेत वर्षं काढली की किस्से आपोआप जमतात. कोणी सोबत शिकवलेलं भेटलं की मग एकातून एक निघत जातात, चहा थंड होतो. पण माझ्याकडचे निम्मे किस्से गेल्या दोन-तीन वर्षांतलेच आहेत. शाळेत मुलींची सुरक्षा, मारामाऱ्या, धमक्या यांवर सरकारनं एकामागून एक परिपत्रकं काढली, तेव्हापासूनचे. हसू येतं सांगताना, पण आतून जीव जरा वरखालीच असतो.

मी मानोरा तालुक्यातल्या एका गावात मराठी शिकवते. आठवी ते दहावी. पोरी आजूबाजूच्या गावांतून, तांड्यांवरून येतात. कोणी सायकलनं, कोणी पायी, कोणी बसनं.

तर पहिलं परिपत्रक आलं : शाळेत सुरक्षा समिती नेमा. आमचे मुख्याध्यापक गावंडे सर सरळ माणूस, पण वरून आलेल्या कागदाला फार घाबरतात. त्यांनी लगोलग मीटिंग घेतली. मी त्या दिवशी रजेवर होते, भावाच्या मुलीचं बारसं होतं इंझोरीला. दुसऱ्या दिवशी शाळेत पाऊल ठेवलं तर फळ्यावर समितीची नावं, आणि सचिव म्हणून माझं.

मी सरांना विचारलं, असं कसं काय?

सर म्हणाले, "मॅडम, तुमी नव्हत्या ना, म्हणून एकमतानं ठरलं."

*

मग तक्रारपेटी आली. परिपत्रकात होतं, सहज दिसेल अशा जागी लावा. सरांनी ती आपल्या खोलीच्या दाराशेजारीच ठोकली. महिना गेला, पेटीत एक कागद नाही. दर महिन्याला वर अहवाल पाठवायचा असतो. सरांनी खुशीत त्यावर 'निरंक' लिहिलं.

मला काही चैन पडेना. चारशे पोरं आणि कोणाचीच काही तक्रार नाही? आठवीतल्या एका पोरीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, चिठ्ठी कोण टाकीन तिथं? सर खिडकीतून पाह्यत राह्यतात."

पेटी हलवून मुलींच्या बाथरूमजवळ, पाण्याच्या टाकीमागं लावली. शनिवारी उघडली तर ओंजळभर चिठ्ठ्या. खिचडीत मीठ जास्त असते. गणिताच्या सरांची बदली करा. बाथरूमची कडी तुटली आहे. शेवटची चिठ्ठी मात्र मी थेट सरांकडे नेली. त्यात फक्त एवढंच होतं : 'बसमधल्या गर्दीत एक काका मागं उभा राह्यते.'

सरांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला. म्हणाले, "निरंक होतं तेव्हा झोप लागत होती, मॅडम."

दुसऱ्या दिवसापासून त्या बसमध्ये आमच्यातलं कोणी ना कोणी बसायला लागलं. पहिला नंबर सरांनी स्वतःहून घेतला.

*

कॅमेऱ्यांचंही ऐका. दोन कॅमेरे बसले, सरांच्या खोलीत टीव्ही बसला. आमच्या फीडरवर लाईट जाते दहाला, येते पाचला. शाळा साडेदहा ते पाच. तालुक्याहून साहेब तपासणीला आले, म्हणाले रेकॉर्डिंग दाखवा. सरांनी लावलं. सगळ्या रेकॉर्डिंगभर संध्याकाळच्या रिकाम्या मैदानात चरणाऱ्या शेळ्या.

साहेबांनी रेकॉर्डिंग पुढं पळवून पाहिलं, पुन्हा शेळ्याच. मग म्हणाले, "शेळ्या एकदम सुरक्षित आहेत."

आणि शेरा लिहून गेले. इन्व्हर्टर अजून आलेला नाही.

*

आमच्या बीटचे जमादार म्हणजे राठोड. उंच, मिशाळ, आवाज असा की मागच्या बाकावरचं पोरगंही सरळ बसतं. पोलिसांनी शाळेत जाऊन बोलायचं, असा आदेश त्यांनाही आला होता. आले, माईक धरला, आणि विचारलं, सांगा, तुमाले भीती कोणाची वाटते?

पाचवीतल्या एका चिमुरडीनं हात वर केला. "तुमची."

सगळी पोरं हसली. राठोड हसले नाहीत. टोपी काढली, बूट काढले आणि पोरांच्या मधोमध सतरंजीवर मांडी घालून बसले. पुढचा तासभर माईक न घेताच बोलले. जाताना आपला मोबाईल नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून दिला.

आठवड्यानं त्यांची बायको शाळेत आली. मला वाटलं, झालं, आता भांडण. तिचं म्हणणं वेगळंच होतं. फोन येतात, हा उचलतो, 'बोला' म्हणून गरजतो, आणि पोरी घाबरून फोन ठेवून देतात. तिनं उचलला की बोलतात.

"त्याचा नंबर पुसा," ती म्हणाली, "माहा लिहा."

आता भिंतीवर तिचाच नंबर आहे.

*

एका जयंतीच्या आधी दहावीतल्या दोन पोरांचं मोबाईलच्या स्टेटसवरून वाजलं. एक बौद्धपुऱ्यातला, दुसरा भाजीवाल्या माळ्यांचा. एकानं काहीतरी टाकलं, दुसऱ्यानं वरचढ टाकलं. मग दोघांचे भाऊ त्यात पडले, मग भावांचे मित्र. 'उद्या शाळेसमोर पाहून घेऊ' इथवर गेलं. दुसऱ्या दिवशी वर्ग अर्धे रिकामे. मी शिकवत होते आणि कान गेटकडे. बाहेर मोटारसायकल थांबली तरी खडू तसाच हातात घेऊन मी खिडकीशी जायचे.

दुपारी ग्रामपंचायतीत शांतता समितीची बैठक बसली. राठोड होते, सरपंच होते, दोन्हीकडचे पुढारी होते. भाषणं सुरू झाली ती थांबेचनात. एकोपा, परंपरा, सलोखा. त्या दोन पोरांच्या आया मात्र बाहेर ओट्यावर बसलेल्या. दोघी वर्षानुवर्षं एकाच वावरात निंदायला जातात, हे आत कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

तासाभरानं त्यांतली एक दारात येऊन उभी राहिली. "तुमचं चालू द्या," ती म्हणाली. "आमी दोघी पोट्ट्यायले घेऊन चाललो. स्टेटस काढले त्यायनं."

भाषणं नंतरही अर्धा तास चालली. आणि मी मात्र पुढचे पंधरा दिवस गेटकडे बघतच शिकवत होते. मिटलं ते त्या दिवसापुरतं, हे त्या आयांनाही ठाऊक होतं.

*

आता हा एक सांगते, मग उठू.

मागच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी पेटी उघडली. एकच चिठ्ठी होती, वहीच्या पानाची, चार घड्या घातलेली.

'उद्या दहावीतली एक मुलगी दप्तरात विळा घेऊन येणार आहे. नाल्याच्या पुलावर एक माणूस गाडी आडवी लावून रोज तिला अडवते. घरी सांगितलं तर शाळा बंद होईल. तिच्या हातून काही होण्याच्या आधी कोणीतरी थांबवा.'

खाली नाव नव्हतं. पण तीन वर्षं मी त्या वर्गाच्या वह्या तपासल्या आहेत. 'ण'चा पाय असा लांब ओढणारी वर्गात एकच. पल्लवी. पलीकडच्या गावाहून त्याच पुलावरून सायकलनं एकटी येते; चिठ्ठीतली मुलगी म्हणजे ती स्वतःच. वर्गात हात वर न करणारी, पण विचारलं तर बरोबर उत्तर देणारी पोरगी.

मी सरांना चिठ्ठी दाखवली. नाव सांगितलं नाही. नाव सांगितलं असतं तर ती 'विळा आणणारी पोरगी' झाली असती, आणि तो माणूस राहिला असता बाजूलाच. सरांनी अहवालाचं, वर कळवण्याचं काही काढलं नाही. लगेच राठोडांना फोन लावला. मला त्या रात्री झोप लागली नाही. तिच्या घरी जावं का? गेले तर तिच्या बापाला काय सांगू? आणि आपलं अक्षर ओळखण्यात चुकलं असेल तर?

शनिवारी सकाळची शाळा. मी स्कूटी घेऊन उजाडताच पुलावर गेले, तर गावंडे सर आधीच तिथं उभे. इस्त्रीचा शर्ट, मफलर, हातात डबा. राठोड साध्या कपड्यांत बाभळीखाली बसलेले. थोड्या वेळानं तो माणूस आला. चाळिशीचा, चांगल्या घरचा दिसणारा. रोजच्या सवयीनं त्यानं गाडी आडवी लावली. राठोडांनी उठून किल्ली काढून घेतली आणि हळूच खांद्यावर हात ठेवला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, पल्लवीनं आईसोबत ठाण्यात जाऊन जबाब दिला, शाळा बंद झाली नाही. हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी ती सायकलवरून आली तेव्हा त्याला घेऊन राठोड निघून गेले होते. पुलावर आम्ही दोघंच. ती उतरली. आमच्याकडे पाहिलं, त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. सर म्हणाले, चल, उशीर होऊन राह्यला. तिनं सायकल हातात धरली, मी स्कूटी ढकलत तिच्या बाजूनं निघाले. सर डबा हातात धरून मागून चालत आले.

गेटवर ती थांबली. पाठीवरचं दप्तर काढून तिनं माझ्यापुढं धरलं.

"मॅडम, तुमी चिठ्ठ्या खरंच वाचता?"

"वाचते," मी म्हटलं, आणि दप्तर घेतलं.