डोळ्यातलं तेल

माझ्या थोरल्या दिरांचा तेलावर जितका विश्वास आहे, तितका अख्ख्या सोलापुरात कुणाचा कशावर नसेल. त्यांचा करडई-शेंगदाण्याचा घाणा आहे. गुडघा दुखला, तेल. दार करकरलं, तेल. माझी शेंगाचटणी बघून "कोरडी हाय की हो ही," म्हणतात आणि मी वळायच्या आत पळीभर तेल ओततात. अशा माणसाच्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला आणि डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो जागेवर दाबून धरायला डोळ्यात सिलिकॉनचं तेल भरलं, तेव्हा भावजींना धन्य वाटलं. "कुठल्या घाण्याचं?" एवढंच त्यांनी विचारलं. पुढे दोन आठवडे मान खाली घालून राहायचं होतं. तेवढ्यातही येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघून "चपला नव्या घेतल्या व्हय?" अशी चौकशी चालूच होती.

काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "पडदा जागेवर बसलाय, पण मधल्या भागाला सूज आहे. तेल आता काढू. पडदा पुन्हा सुटायचा थोडा धोका आहे, पण तेल ठेवलं तर नजर आणखी जाईल."

भावजी ताडकन उठले. "लोणच्यावरचं तेल काढलं की काय हुतं, ठावं हाय का तुमाला?"

त्यांनी तीन तारखा चुकवल्या. एकदा अक्कलकोटला लग्न, एकदा घाण्याचा पट्टा तुटला, तिसऱ्यांदा तर कारणही सांगितलं नाही. इकडे घाण्यावर त्यांच्या हातून नरसाळ्याच्या बाहेर तेल सांडू लागलं. चौथ्या तारखेला मी दारात रिक्षा उभी केली आणि म्हटलं, "भावजी, बसा."

डॉक्टरांनी संगणकावर त्यांच्या डोळ्याचा फोटो दाखवला. बुबुळाच्या वरच्या कडेला तेलाचा पांढरा फेस जमला होता. भावजींनी खुर्ची पुढे ओढली आणि बराच वेळ निरखून बघितलं.

"तेल फुटलं की हो हे! काढा, काढा. असलं मी गिऱ्हाईकाला देत न्हाय, डोळ्यात ठिवू व्हय?"

तेल काढलं. पडदा टिकला, सूजही ओसरली. आता रोज सकाळी ते माझ्या स्वयंपाकघरात येतात, चांगला डोळा हाताने झाकतात आणि खिडकीचे गज बघतात. मधले दोन त्यांना वाकडे दिसतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, आता यापेक्षा फारसं सुधारणार नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत महिना गेला.

"कालच्यापेक्षा सरळ झाल्यात," ते खुशीत म्हणतात. "तुमाला काय वाटतं?"

मी चहाच्या आधणाकडे बघत म्हणते, "झालेत की जरा."