तांदळातलं नाव

सिंगापूरला, आमच्या पासिर रिसच्या ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर अरुणाताई राहतात, आणि त्यांच्याकडे त्यांची आई. सगळे आईंना उमाआजी म्हणत. शनिवारी माझ्याकडे विष्णूची हजार नावं म्हणायला आम्ही बायका जमतो. आजींचा आवाज सगळ्यांच्या पुढे. कुणाकडून एखादं नाव सुटलं की पाठ थांबवून पुन्हा म्हणायला लावतात. "देव ऐकून घेतो म्हणून काय झालं? नाव गाळायचं नाही."

आजींचा जन्म लंडनचा. वडील तिकडे डॉक्टरकी शिकत होते, तेव्हा त्या आणि धाकटा पद्माकर, दोघंही तिथेच झाले. म्हणून दोघंही ब्रिटिश. पुढे संसार मात्र दोघांचे पुण्यात झाले. पद्माकररावांच्या मुलांना जन्मतःच बापाचं नागरिकत्व लागलं, आजींच्या मुलांना नाही. तेव्हाच्या कायद्यात ते बापाकडूनच उतरायचं, आईकडून नाही. १९८३ साली हा भेद गेला, पण पुढे जन्मणाऱ्या बाळांपुरताच. २००३ मध्ये मागच्यांसाठी दार किलकिलं झालं, तर तिथेही रेघ मारलेली: फेब्रुवारी १९६१ नंतर जन्मलेल्यांनाच आत प्रवेश. आजींचा मुलगा प्रबोध त्रेसष्टचा, तो गेला आत. अरुणाताई अठ्ठावन्नच्या, राहिल्या बाहेर.

"एका पोटची दोन," आजी म्हणायच्या. "त्याची आई मी. मग हिची कोण?"

२०१० मध्ये ती रेघही पुसली. प्रबोधचा तसा फोन आल्यापासून आजींनी अर्ज कर म्हणून लेकीमागे लकडा लावला. अरुणाताईंना ते नकोच होतं. इथे कायम राहायचा परवाना, पीआर, आहे, भारताचा पासपोर्ट आहे, तो सोडावा लागेल, आणि त्या थंडीत जाऊन राहायचंय कुणाला. पद्माकररावांनी तर पुण्याहून टोला हाणला की लेक दिल्या घरी गेली, तिच्या पोरांनी माहेरचा वाटा कशाला मागावा. आजींनी फोन ठेवला आणि त्या लेकीकडे वळल्या.

"तू राहू नकोस तिकडे. नको असेल तर तू नाही म्हण. पण तिकडच्या सरकारने का म्हणावं?"

या एका वाक्यावर अर्ज गेला. आणि अडकला.

अरुणाताईंच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव उमा. लंडनच्या दाखल्यावर सरोजिनी. लग्नात सासरचं नाव पडतं, त्यात सांगायचं काय, अशा समजुतीने त्यांनी दोन्ही दाखले तसेच जोडले, खुलाशाची एक ओळही लिहिली नाही. तिकडून विचारणा आली की सरोजिनी ही अर्जदाराची आई कशावरून?

शपथेवर लिहून द्यायला आम्ही तिघी बेडोकला एका वकिलाकडे गेलो. तरुण चिनी मुलगा, बोलायला मऊ. नाव बदलल्याचा काही कागद आहे का, असं त्याने विचारलं. अरुणाताईंनी आजींना मराठीत सांगितलं.

"सांग त्याला," आजी म्हणाल्या, "ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. पुरावा पंगतीने खाल्ला."

वकील हसला. म्हणाला, मग असं लिहू: पूर्वीची सरोजिनी, आताची उमा. अरुणाताईंनी मान डोलावली. आजींनी नाही.

"पूर्वीची कसली? मी काय मेले होते मध्ये? लिही, मी सरोजिनी. उमाही म्हणतात. विष्णूला हजार चालतात, मला दोन चालतील. पण पहिलं पहिलंच राहील."

तसंच लिहिलं गेलं. सही करताना 'ज' पाशी त्यांचा हात अडखळला. लग्नानंतर हे नाव त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं.

काही महिन्यांनी अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं. आता इथल्या ब्रिटिश वकिलातीत, हाय कमिशनमध्ये, जाऊन शपथ घ्यायची, की अरुणाताई ब्रिटिश. ब्लॉकमधल्या बायका साडी कुठली नेसणार म्हणून विचारू लागल्या. अरुणाताई पत्र घेऊन आईसमोर बसल्या.

"आई, आता मी नाही म्हणू?"

"म्हण. आता ते तुझं 'नाही' आहे."

शपथेची मुदत सरली, अरुणाताई गेल्या नाहीत. पद्माकररावांचा फोन आला की घ्यायचंच नव्हतं तर एवढा खटाटोप कशाला. आजी शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या पोरांना न मागता मिळालं, पद्या. माझीला मागून मिळालं आणि तिने ठेवून दिलं. मोठं कोण ते तूच ठरव."

त्या शनिवारी पाठ सुरू असताना शेजारच्या नीताने सवयीने म्हटलं, "उमाआजी, जरा सावकाश घ्या ना." आजी थांबल्या. आम्हीही थांबलो.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

नीता क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, सरोजिनीआजी, जरा सावकाश.

"हं," आजी म्हणाल्या, आणि पुढचं नाव घेतलं. सावकाश.