आग्रहाला वेळ नव्हता

आमच्या वडनेरात पहिल्या वाढीला हो म्हणायची रीत नव्हती. आपण नको म्हणायचं, वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, मग ताट पुढे करायचं. म्हणून आईचं त्या दिवशी काय चुकलं, ते मला अजून सांगता येत नाही.

विधानसभेची निवडणूक होती. दोन पुढारी तिकिटासाठी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत भांडत बसले आणि अखेर दोघांनाही नको म्हणून पक्षाला माझी आई आठवली. आधीच्या निवडणुकीत ती त्यांच्यासाठी उन्हातान्हात गावोगाव फिरली होती. सकाळीच जीपमधून तिघं आले. त्यातला म्हातारा अंगणातूनच म्हणाला, "बाई, तुमचं नाव निघालं. तीनच्या आत अर्ज गेला पायजे. उभ्या राहता का?"

आई पदराला हात पुसत म्हणाली, "मले काऊन? दुसऱ्या कोणाले द्या ना."

एवढं बोलून ती लुगडं बदलायला आत गेली. खादीचं नवं लुगडं मीच तिला पेटीतून काढून दिलं. ती बाहेर आली तेव्हा अंगणात नुसती धूळ उडत होती.

शेजारच्या गावातल्या दुकानदारानं म्हणे पहिल्याच शब्दाला हो म्हटलं. तो निवडूनही आला.

त्यानंतर कुठल्याही पंगतीत आई नको म्हणाली नाही. वाढणारा समोर आला की ती मुकाट्यानं ताट पुढे करायची, भूक नसली तरी.