मंगळवारची वेणी

बाबांची चप्पल दारात वाजली की आई गॅस बारीक करायची आणि माझी धाकटी बहीण मनू पलंगाखाली जायची. बाबा सातिवलीला एका कारखान्यात होते. तिथे कोणाला उलट शब्द बोलत नसत. हात उचलायचा तो घरी, आईवर. पहिलीत असताना मनूचं बोलणंच थांबलं. घरात नाही, शाळेत नाही. मी बारावीला होते, वर्गात पहिली यायचे. त्यामुळे मला वाटायचं, जे झालंय ते मनूला. माझं सगळं ठीक आहे. देवावर फार विश्वास होता असंही नाही. देव असता तर त्याने बाबांचा हात धरला असता, असं मी आईला तोंडावर म्हणत असे.

तरी शेवटी नवस बोलले मीच. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या फुलबाग करणारी माणसं. मनू बोलेपर्यंत दर मंगळवारी गावदेवीला माझ्या हातची मोगऱ्याची वेणी, असं ठरवलं. सकाळी कळ्या खुडायच्या, केळीच्या खोडाचं सोप भिजवून त्याच्या दोऱ्याने गाठी मारायच्या, देवीच्या फुलाचा आपण वास घ्यायचा नाही. आईने शिकवलेलं सगळं पाळलं. पण दुपारी पाहावं तर निम्म्या कळ्या गळून देवीच्या पायाशी. तीन मंगळवार हेच. देवीने नवस नाकारला असं समजून चौथ्या मंगळवारी मी वेणी देवळाच्या उंबऱ्यावरच ठेवून निघाले.

देवळातल्या गुरवीणकाकींनी हाक मारली. "कोनी बांधली गो ही?"

"मीच."

"फुलं बांधतेस का चोर बांधतेस? येवढं आवळलंस, देठ कापलेत बघ सगळे." त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटा केला. तळव्यावर माझ्याच नखांचे वळ होते. मला ठाऊकच नव्हतं. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "घरात कोन मारतो गो?"

"मला काही झालेलं नाही, माझी बहीण बोलत नाही," एवढं म्हणाले आणि रडू कोसळलं. रडता रडता बाबांच्या माराबद्दल सगळं सांगितलं, बाहेरच्या कोणाला पहिल्यांदाच.

काकी त्याच दिवशी घरी आल्या. आई म्हणाली, "घरातलं दाराबाहेर नको."

"बाय, ते कवाच भायेर गेलंय. तुझी पोर दर मंगळवारी देवीपुढं मांडून जाते."

काकींनी आईला महिलांच्या समुपदेशन केंद्रात नेलं, तक्रार लिहिताना शेजारी बसल्या. आम्ही मामाच्या वाडीवर राहायला गेलो. बाबा दोनदा न्यायला आले. आई गेली नाही. केंद्रातल्या बाई मनूला चित्रं काढायला देत. मी आपली सोबतीला जाते असं समजत होते, तर त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यासाठीही खुर्ची मांडली होती.

काकींना देवी म्हटलं तर त्या मलाच ओरडतील. पण नवस मी मनूसाठी बोलले आणि देवीने आधी माझी मूठ सोडवली, एवढं खरं. 'माझं सगळं ठीक आहे' हा ताठा तिच्या पायाशी ठेवल्यावरच मला दुसऱ्याचा हात धरता आला.

सहाएक महिन्यांनी मी वेणी बांधत होते, मनू शेजारी बसली होती. म्हणाली, "ताई, सैल झाली. पडेल ती."

आई पिठाच्या हातांनी धावत आली. वेणी खरंच सैल झाली होती. तशीच देवीला वाहिली.

आज मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे, आणि हे मी अभिमानाने सांगते. मनू आठवीत आहे, बडबडीसाठी वर्गाबाहेर उभी राहते. आमच्या घरात आता पलंगाखाली कोणी जात नाही.