गादीघरातला ज्युदो

आमच्या क्लबात सराव थोडा आणि सरावानंतरचा चहा फार, असा प्रकार आहे. त्यामुळे डाव कमी आणि किस्सेच जास्त साठलेत. एकाने एक सांगितला की दुसरा म्हणतो, "थांब, त्याच्या आधीचा सांग," आणि चहावाला काका स्टोव्ह बंद करून घरी जातो तरी आम्ही बसलेलेच.

परवा लातूरच्या एका मित्राने विचारलं, चांगला कोच ओळखायचा कसा? माझ्याकडे भाषण तयार होतं. मी इंजिनिअरिंग केलंय, भाषण नेहमीच तयार असतं. मराठवाड्यात पोरं आहेत, जिगर आहे, फक्त शिकवणारी माणसं हवीत, वगैरे. पण तोंड उघडलं तर भाषणाऐवजी रऊफ वस्तादच बाहेर पडले.

रऊफ वस्तादांचं नांदेडच्या जुन्या भागात गादीघर आहे. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, हा त्यांच्या घरचा पिढीजात धंदा. दुकानामागे एक लांबट गोदाम आहे, तिथे संध्याकाळी ज्युदो. तोच आमचा क्लब. मॅट परवडत नव्हती तेव्हा त्यांनी स्वतः घट्ट गाद्या भरून जमिनीवर अंथरल्या आणि शिकवायला सुरुवात केली. आता खरी मॅट आलीय. वस्ताद मात्र तेच आहेत. पन्नाशी उलटलेली, पोट थोडं पुढे, कान चुरगाळल्यासारखे.

*

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विष्णुपुरीला कॉलेजात होतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून माझं डोकं फिरलेलं. हवेत उडी मारून समोरच्याच्या हाताला लटकायचं आणि त्याला खाली आणायचं, असला एक डाव मला शिकायचा होता. तोही त्याच आठवड्यात.

वस्तादांनी व्हिडिओ शेवटपर्यंत शांतपणे बघितला. म्हणाले, "लई भारी. आता पडून दाखव."

मी पडलो.

"असं तर पोतं पडतं. उठ. परत पड."

मग फक्त पडणं. पुढे पडणं, मागे पडणं, कुशीवर पडणं, हनुवटी छातीला लावून हाताने जमिनीवर सपकन थाप मारणं. मी रोज विचारायचो, डाव कधी? ते म्हणायचे, बघू. मी दोनदा क्लब सोडला. दोन्ही वेळा कुणी बोलवायला आलं नाही, म्हणून परत गेलो.

एके दिवशी कॉलेजच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरलो. पुस्तकं एकीकडे, चप्पल दुसरीकडे, आणि मी मात्र कुशीवर, हनुवटी आत, हाताची थाप जमिनीवर. एक ओरखडा नाही! भोवती पोरं जमली, आणि मी त्यांच्या मधोमध पडल्या पडल्याच फोन लावला. "वस्ताद, पडलो!"

"लागलं?"

"अजिबात नाही!"

"मग उद्यापासून डाव."

*

गाद्यांचा धंदा आणि ज्युदो यांच्यामध्ये वस्तादांनी कधी भिंत घातली नाही. नवी गादी भरून झाली की ती गोदामात यायची, आणि हदगावच्या बालाजीला तिच्यावर आपटायचे. बालाजी म्हणजे आमचा सगळ्यात वजनदार गडी. आवाज भरीव आला तर गादी पास. पोकळ आला तर परत उसवायची.

एकदा लग्नघरची मंडळी गादी न्यायला जरा लवकर आली. बघतात तर नव्या कोऱ्या गादीवर वस्ताद एका धटिंगणाला आपटून राहिलेत. नवऱ्या मुलाचे मामा हबकले. "अहो वस्ताद, लग्नाची गादी हाय ती!"

वस्ताद बालाजीला हात देऊन उठवत म्हणाले, "म्हणून तर दोनदा आपटला."

*

याच बालाजीची दाढ दुखायला लागली. आमच्याकडे नियम असा, की सहन होईनासं झालं की समोरच्याच्या अंगावर दोनदा थाप मारायची आणि समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. यात मोठा-छोटा नाही, वाद नाही. थाप पडूनही जो सोडत नाही त्याला वस्ताद मॅटवर पाय ठेवू देत नाहीत. एका फार गुणी पोराला त्यांनी यावरून घरी पाठवलंय.

तर बालाजी दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत. मशीन सुरू झालं, कळ डोक्यात गेली, आणि याने सवयीने डॉक्टरच्या दंडावर दोनदा थाप मारली. डॉक्टरला वाटलं, पेशंट धीर देऊन राहिला. तो आणखी जोमाने कामाला लागला! बालाजी थाप मारतोय, डॉक्टर मान डोलावतोय.

संध्याकाळी सुजलेला गाल घेऊन बालाजीने तक्रार केली, "वस्ताद, त्यानं सोडलंच न्हाई."

आम्ही हसून लोळलो. वस्ताद हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते त्या डॉक्टरकडे गेले आणि त्याला नियम समजावून आले.

आता तो डॉक्टर प्रत्येक पेशंटला तोंड उघडायला लावायच्या आधी सांगतो, "दुखलं तर दोनदा थाप मारा, मी थांबतो." म्हणे पेशंट वाढलेत.

*

सारिका कंधारची. एसटीने रोज येऊन-जाऊन करायची. तिचे वडील शिवाप्पा काका, कपाळावर भस्माचे पट्टे, कंधारला किराणा दुकान, बोलणं मोजकं. पोरगी नांदेडला जाऊन नक्की करते काय, हे बघायला ते एकदा स्वतः आले आणि बूट काढून भिंतीशी बसले.

वस्तादांनी काही समजावून सांगितलं नाही. सारिकाला म्हणाले, "ये बेटा, मला पाड."

तिने कॉलर धरली, कंबर आत घातली आणि वस्ताद तिच्या पाठीवरून धाडकन खाली! शिवाप्पा काका ताडकन उठले, धावत मॅटवर आले. आम्हाला वाटलं, खूश झाले. कसलं काय! "वस्तादांना पाडतीस? मोठ्या माणसाला? आधी पाया पड त्यांच्या!"

सारिका ओशाळून वाकायला लागली. वस्ताद अजून उताणेच होते. तिथूनच म्हणाले, "काका, पाया नको. एक वर्ष द्या."

काकांनी विचार केला. "एक वर्ष. राज्याला निवड झाली तर पुढं. न्हाई झाली तर नांदेड बंद, दुकानावर बसायचं."

ज्युनिअर गटातलं तिचं ते शेवटचंच वर्ष होतं. म्हणजे संधी एकच, आणि तीही लातूरच्या विभागीय स्पर्धेत. तिथली पहिली आलेली एकटीच राज्याला जाणार होती.

*

त्या वर्षातली एक संध्याकाळ. सारिकाने जमिनीवरच्या झटापटीत वस्तादांचा हात असा काही अडकवला की त्यांनी दोनदा थाप मारली. वस्तादांना थाप मारताना आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

ते उठले, जॅकेट सारखं केलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. मग सारिकासमोर लहान पोरासारखी मांडी घालून बसले. "काय केलंस ते मला शिकव. सावकाश. माझ्या ध्यानात न्हाई आलं."

ती शिकवू लागली, ते चुकू लागले, ती त्यांचं कोपर धरून नीट करू लागली. मला ते बघवेना. घरी निघताना म्हटलं, वस्ताद, सगळ्यांसमोर असं कशाला? इज्जतीचा प्रश्न असतो.

ते शटर ओढत म्हणाले, "इंजिनिअर, आज मला एक नवा डाव मिळाला. तुला काय मिळालं?"

*

आणि आता लातूर.

सारिका फायनलला पोचली. मी सहायक म्हणून बरोबर होतो आणि तिच्यापेक्षा जास्त घामाघूम झालो होतो. शिवाप्पा काका दुकान बंद ठेवून आले होते, वर गॅलरीत बसले होते. ज्युदोत मॅटच्या दोन बाजूंना दोन कोचच्या दोन खुर्च्या असतात. पंच लढत थांबवतात तेवढ्या वेळातच कोचने बोलायचं, असा नियम.

समोर निलंग्याची महादेवी. तिच्या एका मैत्रिणीचं मनगट आदल्या लढतीत मोडलं होतं आणि तिचे सर त्या मुलीला घेऊन दवाखान्यात गेले होते. तिची खुर्ची रिकामी. पोरगी सारखी दाराकडे बघत होती.

वस्तादांनी हे बघितलं. उठले. मला म्हणाले, "बस इथं." आणि चालत चालत जाऊन महादेवीच्या खुर्चीत बसले.

मला वाटलं, दोन धीराचे शब्द सांगून परत येतील. ते आलेच नाहीत. लढत सुरू झाली!

मी जे सुचेल ते ओरडत सुटलो. पंचांनी लगेच मला ताकीद दिली, आणखी एकदा बोललात तर बाहेर. पहिल्यांदा लढत थांबली तेव्हा पलीकडून वस्तादांचा आवाज आला. शांत, भरदार, रोज गोदामात असतो तसाच. "महादेवी बेटा, डावा पाय मागं. ती कंबर आत घालते. कॉलर सोडू नको."

मी खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो. सारिकाचा हुकमी डाव, वर्षभर घासलेला, यांनी एका वाक्यात देऊन टाकला! पुढच्याच झटापटीत सारिकाने कंबर घातली, महादेवीचा डावा पाय मागे होता, आणि सारिका स्वतःच कुशीवर गेली. अर्धा गुण महादेवीला. वर गॅलरीत काका उभे राहिले.

पुन्हा लढत थांबली. सारिका पट्टा बांधायला माझ्या बाजूला आली. मी सगळा राग एका दमात ओतायला लागलो, वस्तादांनी असं करायला नको होतं, तू आता असं कर, तसं कर. तिने मान वर न करता म्हटलं, "दादा, गप बस ना जरा. वस्ताद काय सांगून राहिले ते ऐकू दे."

मी तोंडावर हात ठेवला.

पलीकडून आवाज आला, "थकलीय ती. आता आत शीर. उजवीकडून."

महादेवी शिरली. उजवीकडूनच. आणि तिथे सारिका नव्हतीच! अर्धं पाऊल बाजूला सरकून ती आधीच वळलेली होती. महादेवी पूर्ण वेगात आली, सारिकाच्या पायावरून गेली आणि सपाट पाठीवर पडली. पंचांचा हात सरळ वर. पूर्ण गुण, लढत खलास!

मी ओरडलो, नाचलो, कुणाला तरी मिठी मारली, तो निघाला दुसऱ्याच जिल्ह्याचा कोच. भानावर येऊन बघतो तर वस्ताद मॅटच्या कडेला महादेवीला शिरताना खांदा कुठे उघडा पडला ते दाखवत होते, आणि सारिका, अजून धापा टाकत, तिची कॉलर धरून समोर उभी होती. महादेवी पुन्हा पुन्हा तीच चाल करून बघत होती.

शिवाप्पा काका गॅलरीतून खाली आले. माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी त्या तिघांकडे बघितलं. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "निवड झाली, पुढचं वर्षबी नांदेडच, ते ठरलं. पण मला एक सांगा, वस्ताद नेमके कुणाकडनं होते?"