अनारशांच्या मागचा शेवट

दिल्लीत द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमधला माळा आवरताना बाबांनी जपलेले जुने दिवाळी अंक सापडले. त्यातल्या एका विज्ञानकथेने मला धरूनच ठेवलं. लेखकाचं नाव मी कधी ऐकलेलं नाही, इंटरनेटलाही ते ठाऊक नाही, आणि तो अंक केव्हाच बंद पडलाय.

मंगळावर एकटी उरलेली एक बाई रोज पृथ्वीकडे निरोप पाठवते. ती म्हातारी होते तेव्हा कुठे उत्तर येतं. ती यंत्राला कान लावते. मी पान उलटलं, तर पुढच्या पानात कात्रीने कापलेलं चौकोनी भोक.

अंक घेऊन मी स्वयंपाकघरात आईकडे गेले.

"अनारशांची कृती होती ती," आई म्हणाली. "माझे नेहमी तेलात विरघळायचे ना. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. पक्की खळ लावून."

म्हणजे साखरेचा डबा काढायला मी ते दार रोज उघडत होते, आणि गोष्टीचा शेवट लाकडाकडे तोंड करून तिथेच होता. आता ती क्वार्टर्सही पाडली. चिडायचं तरी कोणावर?

"मागे गोष्ट आहे हे दिसलं नाही तुला?"

"दिसलं की. वाचूनच कापलं."

"मग काय ऐकलं तिने?"

आईने लाटणं बाजूला ठेवलं आणि पिठाचं बोट त्या भोकाच्या कडेवरून फिरवलं.

"ते नाही आठवत," ती म्हणाली. "पण मी खूप रडले होते."